अंगठाभर जास्त

मला आधी एक सांगा मंडळी, भरवसा ठेवायचा कोणावर? माप देणाऱ्यावर, माप घेणाऱ्यावर, की खुद्द मापावर? सावकाश विचार करा. सारा जन्म कापडाच्या दुकानात गेलाय माझा. घाई करणारं गिऱ्हाईक हटकून फसतं, एवढं मला चांगलं कळतं.

मी एक मोजपट्टी बोलतेय. दीडशे सेंटिमीटर लांब, पिवळ्या मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. शाळा पाहिली ती एकदाच, आणि तिथे माझा अपमान झाला. ते पुढे सांगतेच. बाकीचं शहाणपण सगळं बाजारातलं.

कारखान्यातून आम्ही डझनभर बहिणी एका खोक्यातून निघालो आणि हँबुर्ग शहरात, आल्टोना भागातल्या इझिडोर मारिएन्थाल यांच्या दुकानात आलो. फिती, बटणं, अस्तर, लोकर असा माल. मारिएन्थालांनी आम्हा बाराजणींना गल्ल्यावरच्या लाकडी गजाशेजारी एकेक करून आडवं पाडलं आणि पाचजणींना तिथल्या तिथे परत केलं.

विक्रेता कुरकुरला, "अहो, केसाएवढा फरक तो!"

"केस तुमच्या डोक्यावर राहू द्या," मारिएन्थाल म्हणाले. "माझ्या मापात नको."

मी पास झाले. त्या दिवसापासून माझी जागा मालकांच्या गळ्यात.

आता त्या दुकानाची रीत ऐका, कारण माझी सगळी गोष्ट त्या रीतीवरच उभी आहे. मालक फीत मोजायचे, बरोबर खुणेवर डावा अंगठा ठेवायचे आणि कातर चालवायचे ती अंगठ्याच्या पलीकडून. दोन मीटर मागितले तर दोन मीटर आणि वर एक अंगठा. अंगठ्याचे पैसे नाहीत. त्यांच्या वडिलांनी हेच केलं, आजोबांनीही हेच केलं.

"बुडशील एक दिवस!" शेजारची मासळीवाली टिमबाई ओरडायची. "मी माशाचं शेपूटसुद्धा वजनात धरते."

"म्हणून तर टिमबाई, तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि माझ्याकडे पाहुणे येतात."

घरात माणसं मोजकी. मालकीणबाई वीब्के, किनाऱ्यावरच्या नावाड्याची मुलगी, ख्रिस्ती. मालक ज्यू. एकोणीसशे अडतीस साली मुलगी हेडा अकरा वर्षांची, मुलगा येन्स सहाचा. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला. वरच्या मजल्यावर मालकांची बहीण राहायची, सेल्मा आत्या. तिचं लग्न झालं नव्हतं, पण शिवणकाम असं की माझाही ऊर भरून यावा. घरात नाताळचं झाड असायचं आणि शुक्रवारी आत्या ज्यू रीतीनं मेणबत्त्याही लावायची. गोडधोड दोन्हीकडचं, म्हणून पोरं खूश.

तेव्हा राज्य नाझींचं होतं आणि त्यांनी माणसं मोजायला काढली. त्यांचा हिशेब असा: चार आजी-आजोबांतले दोन ज्यू असले की नातवंडं अर्धी. येन्सनं हे शाळेत ऐकलं आणि घरी येऊन विचारलं, "बाबा, माझी कुठली बाजू अर्धी? उजवी की डावी?"

आई म्हणाली, "जेवायला बसतोस तेव्हा तर पुरता एक असतोस. कधीकधी दीड."

हसले सगळे. मी मात्र विचारात पडले. हजारो माणसं मोजली मी. छाती, कंबर, दंड, मनगट. जाडी, बारीक, पोक आलेली. पण अर्धं माणूस काही मला कधी गवसलं नाही.

आता शाळेचं सांगते. हेडाच्या मास्तरांनी एके दिवशी सांगितलं, येताना मोजपट्टी आणा. हेडानं मला नेलं. मास्तरांना म्हणे डोकी मोजून अस्सल जर्मन वंश ओळखता येत होता. त्यांनी मला एकेका पोराच्या डोक्याभोवती गुंडाळलं, आकडे फळ्यावर लिहिले आणि हेडाच्या डोक्याशी येऊन थबकले. "वा! पाहा मुलांनो, याला म्हणतात माप! वर्गातलं सर्वांत शुद्ध डोकं!"

अख्खा वर्ग हसत सुटला. मास्तर नवे होते, पोरांना मारिएन्थालांचं दुकान ठाऊक होतं. कोणीतरी मागच्या बाकावरून आडनाव ओरडलं. मास्तरांचा चेहरा बिटासारखा झाला. मला त्यांनी टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "ही पट्टी खोटी आहे!"

खोटी! मी! जिच्या पाच बहिणी केसाएवढ्या फरकासाठी परत गेल्या, तिला खोटी म्हणाले! त्या दिवशी मला उमगलं की माप बरोबर असून भागत नाही. मोजणाऱ्याच्या मनात काय आहे, तेही पाहावं लागतं. मापात पाप नसलं तरी मोजणाऱ्यात असू शकतं.

त्याच सालच्या नोव्हेंबरात दुकानाच्या काचा फुटल्या. रंगीबेरंगी फिती रस्त्याभर वाऱ्यावर उडत होत्या. मालकांना धरून नेलं. सहा आठवड्यांनी परत आले तेव्हा डोकं भादरलेलं, छातीचं माप अकरा सेंटिमीटरनं कमी. दुकान जबरदस्तीनं दुसऱ्याच्या नावावर केलं. माझा थोरला भाऊ, तो लाकडी गज, गल्ल्यावरच राहिला. मला मालकीणबाईंनी काचांतून उचललं आणि एप्रनच्या खिशात घातलं. पुढे टिमबाईंनी बातमी आणली की नवा मालकही मोजताना अंगठा वापरतो, पण खुणेच्या आतल्या बाजूला!

आता एकच घोर होता, पोरांना बाहेर काढायचं. इंग्लंड मुलांना घेतंय अशी बातमी होती. गाड्या सुटत होत्या. आई यादीत नाव घालायला निघाली. ज्यू समितीचे थकलेले गृहस्थ म्हणाले, "बाई, आमच्याकडे शेकडो अर्ज आहेत. तुमच्या मुलांचा बाप्तिस्मा झालाय ना? चर्चकडे विचारा." चर्चच्या बाई म्हणाल्या, "वडील ज्यू आहेत ना? मग त्यांच्या लोकांकडे जा."

आई घरी येऊन धपकन बसली. "दोन दारं, आणि दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवतात!"

टिमबाई दारातच उभी होती, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हेरिंग मासा. "अर्धी मासळी विकते मी," ती म्हणाली, "अर्धी पोरं कधी ऐकली नाहीत. तिसरं दार शोध, वीब्के."

तिसरं दार सापडलं. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एक इंग्रज बाई, मिस पेनॉक. उंच, सायकलवरून फिरणाऱ्या, जर्मन बोलताना प्रत्येक शब्द तोलून ठेवणाऱ्या. त्यांच्याकडे अशाच पोरांची यादी होती, जी कुठल्याच यादीत बसत नव्हती. मे महिन्यात पत्र आलं आणि घरात दिवाळी! इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातल्या बेकरीवाल्या विधवा, मिसेस थर्टल, एका मुलीला घ्यायला तयार होत्या. "मुलगी प्रामाणिक हवी," असं त्यांनी लिहिलं होतं. "मापं पाठवा. फ्रॉक शिवून आणते, त्यावरून ओळख पटेल."

"आणि येन्स?" हेडानं विचारलं.

येन्सला स्कॉटलंडच्या पार उत्तरेचे एक निवृत्त शिक्षक घेणार होते.

दिवाळी तिथेच विझली. नकाशावर मला पसरून हेडानं दोन गावांतलं अंतर मोजलं. मग मला गुंडाळून ठेवलं.

वडील म्हणाले, "लंडनपर्यंत त्याचा हात सोडू नकोस. पुढे काय ते तू बघ. मारिएन्थालांच्या गल्ल्यावर वाढली आहेस, काहीतरी सुचेल."

मग मापं घ्यायला बसले, आणि इथे ती चूक झाली. वडिलांनी हेडाचं प्रत्येक माप घेतलं आणि सवयीनं त्यात एक अंगठा वाढवला. आईनं ते कागदावर उतरवलं. मनात म्हणाली, पोरगी वाढीला लागलीय, आणि आणखी एक अंगठा वाढवला. हेडानं सुवाच्य अक्षरात प्रत केली. इंग्लंडात लोणी खूप खातात असं तिनं ऐकलं होतं, म्हणून तिचाही एक अंगठा. शेवटी मिस पेनॉकनी सेंटिमीटरचे इंच केले आणि अपूर्णांक आवडत नाहीत म्हणून वरचा पुरा आकडा लिहिला. चौघांनी चार अंगठे दिले आणि कोणीच कोणाला सांगितलं नाही! मी टेबलावरून सगळं पाहत होते. तोंड नसल्याचं दुःख मला त्या दिवशी झालं. पुढे मात्र वाटलं, बरं झालं नव्हतं ते.

आत्यानं दोघांना कोट शिवले. खाली आणि बाह्यांना तीन-तीन दुमडी घातल्या. "दर वाढदिवसाला एक उसवायची," ती म्हणाली. "तिसरी उसवायच्या आत आम्ही येतो."

जून महिन्यात गाडी निघाली. आईबापांना फलाटावर यायची बंदी होती. प्रतीक्षागृहातच आईनं मला हेडाच्या कमरेला दोन वेढे देऊन पट्ट्यासारखं बांधलं. वडिलांनी येन्सचं नाक पुसलं आणि म्हणाले, "ताईचं ऐक. नाहीच पटलं तर वाद घाल, पण मागून ऐक."

मिस पेनॉक पोरांबरोबर होत्या. साठ मुलं, साठ गळ्यांत साठ नंबर. सांगू काय गंमत! रडणारी पोरं तासाभरात खिडकीसाठी भांडायला लागली. मीही पहिल्यांदाच प्रवासाला निघाले होते. तारेचे खांब किती किती मीटरवर आहेत, ते मोजत होते.

सरहद्दीवर एक शिपाई चढला. बॅगा उलट्या केल्या. हेडाच्या कमरेकडे बोट करून दरडावला, "हे काय?"

"मोजपट्टी."

"कशाला?"

येन्स मध्येच बोलला, "आमची उंची बघायला. तुमची बघू का?"

शिपायानं मला ओढून काढलं, उजेडात धरून दोन्ही बाजू पाहिल्या, पितळी टोपी दातानं चावली. सोनं नव्हे अशी खात्री झाल्यावर परत फेकली. गाडी हलली. पाटी बदलली, हॉलंड आलं आणि साठ पोरांनी जी आरोळी ठोकली, ती माझ्या पितळी टोप्यांत अजून घुमते. फलाटावर बायका गरम कोको आणि पांढरा पाव घेऊन उभ्या होत्या. येन्सनं चार पाव खाल्ले आणि म्हणाला, "अर्ध्या माणसाच्या मानानं बरं खातो ना मी?"

रात्रभर बोट हलत राहिली. सकाळी इंग्लंड. दुपारी लंडनच्या स्टेशनाजवळची एक मोठी व्यायामशाळा. एका बाजूच्या बाकांवर पोरं, दुसऱ्या बाजूला घ्यायला आलेली माणसं, मध्ये टेबल. नाव पुकारलं जायचं, पोर उठायचं, कोणीतरी हात धरायचं. येन्सच्या गळ्यात नंबराखाली आणखी एक चिठ्ठी होती, संध्याकाळच्या स्कॉटलंडच्या गाडीची.

हेडानं येन्सचा हात धरलेलाच होता. दुसऱ्या हातानं तिनं मला कमरेवरून सोडलं आणि मिस पेनॉकना म्हणाली, "कातर द्या जरा."

त्यांनी सहज दिली. हेडानं मला मधोमध दुमडलं. पंच्याहत्तरची खूण वर आली.

"पंच्याहत्तर तुझे, पंच्याहत्तर माझे," ती येन्सला म्हणाली. "कधी ना कधी परत जोडू."

कातरीचं थंड पातं माझ्या पोटाला लागलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. पण त्याहून वाईट काही वाटलं असेल तर येन्सकडे पाहून. गाडीत इतका वटवट करणारा पोरगा, आता गळ्यातली चिठ्ठी उलटीसुलटी करत होता.

तेवढ्यात पुकारा झाला, "हेडा मारिएन्थाल!" समोरून एक बुटकी, रुंद बाई तरातरा आली. टोपीवर पिठाचा पांढरा ठिपका, हातावर निळा फ्रॉक. मिसेस थर्टल. त्यांनी फ्रॉक हेडाच्या अंगाला लावला. खांदे कोपराशी आले. बाह्या गुडघ्यांपर्यंत. कमरेत दोन हेडा मावल्या असत्या.

"ही माझी नव्हे," बाई ठामपणे म्हणाल्या. "माझी मुलगी चांगली गुटगुटीत आहे. माल बदललाय तुमचा!"

मिस पेनॉकनी कागद पाहिला, नंबर पाहिला. "हीच आहे."

"मग आगबोटीत आटली का? की बापाला मोजता येत नाही?"

मिस पेनॉकनी शक्य तेवढं सौम्य भाषांतर केलं, पण बापाचा उल्लेख काही लपला नाही. हेडा ताडकन उठली.

"माझे बाबा आल्टोनातले सर्वांत चोख मापारी आहेत! कमी कधी दिलं नाही, जास्तच दिलं. आमच्या दुकानात असं मोजतात!" कातर बाकावर ठेवून तिनं मला फ्रॉकवर ताणलं, खुणेवर डावा अंगठा रोवला आणि पलीकडे बोट दाखवलं. "इथे कापतात. अंगठ्याच्या बाहेरून. अंगठ्याचे पैसे घेत नाहीत." मग तिनं बोटांवर हिशेब केला आणि स्वतःच चमकली. "बाबांचा एक, आईचा एक... एक माझा."

मिस पेनॉक लाल झाल्या. "आणि एक माझा," त्या पुटपुटल्या.

मिस पेनॉकनी सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि पुढचंही इकडचं तिकडे त्याच सांगत राहिल्या. मग थर्टलबाईंनी माझं एक टोक उचललं. पिठानं खरखरीत झालेली बोटं होती.

"माझ्या नवऱ्याच्या बापानं बेकरी काढली," त्या म्हणाल्या. "त्याची रीत आजही चालू आहे. डझन मागितले की तेरा पाव द्यायचे. तेराव्याचे पैसे नाहीत. मला सगळे वेडी म्हणतात." मग त्यांचं लक्ष बाकावरच्या कातरीकडे गेलं. "ही कातर कशाला?"

हेडानं कातर मागे सरकवली. येन्सच बोलला. "ताई मोजपट्टी अर्धी करणार होती. मी संध्याकाळी जाणार ना."

"अर्धी? चांगली मोजपट्टी अर्धी?" बाईंना कळवळा आला तो आधी माझाच, व्यापाऱ्याचा जीव! "अगं पोरी, दुसऱ्या तुकड्याला शून्यच उरणार नाही. तो मोजायला सुरुवात कुठून करणार?"

एवढं बोलून त्या थांबल्या. येन्सच्या गळ्यातली चिठ्ठी त्यांनी वाचली. दोन्ही पोरांचे एकमेकांत अडकलेले हात पाहिले. हेडा त्यांच्याकडे बघत नव्हती, पण तिनं श्वास धरून ठेवला होता. मला कळलं ते, कारण मी पुन्हा तिच्या हातात होते.

"हा किती खातो?" बाईंनी विचारलं.

"एका वेळी चार पाव," येन्स म्हणाला. "खरं सांगू की कमी करून?"

बाई अशा हसल्या की टेबलावरचे कारकून वळून पाहू लागले. "मिस पेनॉक, मी एक मागितलं होतं. हा वरचा!"

"पण कागद... स्कॉटलंडचे मास्तर..."

"त्यांना तार करा. जामीन वगैरे काय लागेल ते मी पाहते. बेकरीवाली आहे मी. डझनाला बारा देऊन घरी गेले तर सासरा स्वप्नात येईल!"

मंडळी, मी पुष्कळ सौदे पाहिले. पण असा सौदा नाही पाहिला. येन्सनं त्या व्यायामशाळेत दोन कोलांट्या मारल्या. हेडा मला तोंडावर धरून रडली. माझी पाच ते तीस सेंटिमीटरची शाई फिकी दिसते ना? ती तेव्हापासून.

कागद बदलायला दोन आठवडे लागले. स्कॉटलंडचे मास्तर मोठे सज्जन. रागावले नाहीत. दर नाताळला येन्सला एक पुस्तक पाठवत राहिले. तो निळा फ्रॉक हेडानं चार वर्षं वापरला, दर वर्षी थोडा जास्त अंगाबरोबर!

लढाई सुरू झाली आणि पत्रं थांबली. आत्यानं घातलेली पहिली दुमड उसवली, दुसरी उसवली. तिसरी उसवायला बेचाळीस सालात हेडा बसली तेव्हा थर्टलबाईंनी कातर तिच्या हातून काढून घेतली. "राहू दे. बाह्या आखूड चालतील." ती दुमड तशीच राहिली.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात बेकरीची घंटा वाजली. दारात दोन माणसं. आईचे केस पांढरे झालेले. वडील काठीसारखे. आईला काय काय सांगितलं होतं कचेऱ्यांनी! घटस्फोट घे, सुटशील. तिचं उत्तर एकच, "मी अर्धा नवरा केला नव्हता." ख्रिस्ती बायको सोबत असलेल्या ज्यूंना सहसा नेत नव्हते, म्हणून ते शेवटपर्यंत तगले. अखेरच्या हिवाळ्यात त्यांनाही छळछावणीत नेलं होतं, पण राज्य बुडालं आणि ते परत आले. टिमबाई म्हणे शेवटपर्यंत मासे पोचवत राहिली. वजनात शेपूट न धरता.

येन्स आता चौदा वर्षांचा, वडिलांच्या खांद्याला लागलेला. मग वडिलांची नजर खिळ्यावर लटकलेल्या माझ्याकडे गेली. त्यांनी मला उतरवलं, येन्सच्या पाठीला लावलं, डोक्यावर हात आडवा ठेवला. आणि सवयीनं, खुणेच्या वर, डावा अंगठा.

"आत्या कुठेय?" येन्सनं विचारलं.

एकेचाळीसमध्ये तिला पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं होतं. ती गाडी पोरांच्या गाडीसारखी नव्हती; तिच्यातून गेलेली आत्या परत आली नाही. वडिलांनी सांगितलं, आणि हेडानं आतून कोट आणला, तिसरी दुमड दाखवली. आत्याचे टाके, सारखे, बारीक. वडिलांनी मला लावून ते मोजले. का मोजले, मला माहीत नाही. एका सेंटिमीटरला सहा टाके होते.

त्याला किती वर्षं झाली! येन्सनं पुढे बेकरी चालवली, आता त्याची नात चालवते. तेराव्या पावाचे पैसे अजून नाहीत. मी दाराशी त्याच खिळ्यावर आहे. शेजारच्या चौकटीवर तीन पिढ्यांच्या पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, आणि प्रत्येक रेघ जरा वर मारलेली आहे. हेडा आता काठी टेकत येते, मला हात लावते, हसते.

आणि एक कबुली. मेणकापड म्हातारपणी ताणतं. परवा नातीनं मला पोलादी पट्टीशेजारी धरलं, तर मी बरोब्बर एक अंगठा लांब निघाले. मास्तर, आज मी खरंच खोटी आहे हो! पण माझ्यावर मोजून जो कापड घेईल, त्याला थोडं जास्तच मिळेल. याला मी दोष म्हणत नाही.

तर जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं. कापड मोजा, पीठ मोजा, वर अंगठाभर द्या, कोणी बुडत नाही. पण माणसं मोजायची वेळ आली, कुठल्याही यादीत, कुठल्याही दारात, तर अर्धा, पाव असलं काही लिहू नका. आलेल्यांना पूर्ण मोजा आणि न आलेल्यांचीही नावं लिहा. सेल्मा मारिएन्थाल, शिवणकाम करणारी, पूर्ण एक. हिशेब चोख ठेवा, मंडळी.